आखाजीला घरची सून कुठे असते?

अक्षय्य तृतीयेला उरलेला महाराष्ट्र साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ओळखत असला, तरी खान्देशात तिचे नाव आखाजी आहे आणि तिचा पहिला अर्थ लेकीने माहेरी येणे हा आहे. दिवाळीला एखाद्या वर्षी जमले नाही तरी चालते, पण आखाजीला भावाने मुराळी म्हणून जाऊन बहिणीला आणायचे, तिने निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचे, गौराईची गाणी म्हणायची, आमरस आणि खापरावरचे मांडे खायचे, आणि ती असेपर्यंत तिला कोणी काम सांगायचे नाही, हा अलिखित करार जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हा करार मला मोलाचा वाटतो. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस दुसऱ्यांच्या वेळेवर जगणाऱ्या बाईला चार दिवस पूर्ण मोकळे सोडणारा सण आपल्या मातीत आहे, याचा मला अभिमानही आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हा करार आपण निम्म्याच बायकांशी पाळतो, आणि तो सगळ्यांशी पाळायचा असेल तर आखाजीच्या दिवशी घरातल्या पुरुषांनी चुलीपुढे बसणे याखेरीज दुसरा मार्ग नाही.

हिशेब सरळ आहे. प्रत्येक माहेरवाशीण ही कुठल्या ना कुठल्या घरची सून असते. लेकीने आखाजीला माहेरी असावे ही रीत खरोखर सगळ्यांना लागू केली, तर त्या दिवशी खान्देशातल्या एकाही घरात सून सापडणार नाही. मग घरात उरतील ते पुरुष, थकलेली सासू आणि आलेल्या लेकी. लेकींना काम सांगायचे नाही आणि सासूच्याने आता होत नाही, तेव्हा मांडे कोणी करायचे, याचे उत्तर त्या रीतीतच दडलेले आहे. ते उत्तर नको म्हणून आपण रीतच वाकवली. नव्या नवरीला पहिली दोन-तीन वर्षे आखाजीला धाडायचे, पुढे मात्र 'तुझ्या नणंदा येणार आहेत, तू नंतर जा' असे सांगायचे, अशी सोय आपण लावून घेतली आहे.

ही सोय मी सत्तावीस वर्षे उपभोगली, हे आधी सांगायला हवे. माझे माहेर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे आणि सासर धुळ्यात. लग्न झाल्यापासून दोन बाळंतपणांची वर्षे सोडली तर माझी एकही आखाजी माहेराबाहेर गेलेली नाही. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला सकाळी दहाच्या सुमाराला मी पाणी प्यायला मागच्या पडवीत गेले. तिथे तीन दगडांच्या चुलीवर खापर पालथे घातलेले होते आणि पुढे वहिनी बसली होती. हाताच्या तळव्यांवर पुरण भरलेला गोळा घेऊन ती तो एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत होती, आणि प्रत्येक झोक्यासरशी तो पसरत पसरत मनगटाच्या पुढे कोपरापर्यंत उतरत होता. आतले पुरण पारदर्शक पदराखाली दिसावे तसे दिसू लागले, की एका झटक्यात तो मांडा खापराच्या पाठीवर पडत होता. त्या क्षणी हात खापराच्या इतका जवळ जातो की धग थेट कातडीला लागते. वहिनीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर वीतभर लव उरलेली नव्हती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जुना काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी नवा, अजून ओला. बाहेर निंबाखाली माझ्या चुलत बहिणी मला झोक्यावर बोलावत होत्या. वहिनीचा मोबाईल पाटीच्या काठावर ठेवला होता, तो वाजला. पिठाचे हात लावायला नको म्हणून तिने मलाच उचलायला सांगितला. शिरपूरहून तिची आई विचारत होती, 'कधी येते?'

वहिनीचे लग्न होऊन एकोणीस वर्षे झाली होती. तिच्या आईने हा प्रश्न त्यातल्या किती आखाजींना विचारला असेल, हे मी कधी मोजले नव्हते. त्या दिवशी वहिनीच्या देखत मोजले, तेव्हा कळले की पहिली तीन वर्षे वगळता ती आखाजीला माहेरी पोचलेलीच नाही. अमळनेर ते शिरपूर ही उणीपुरी दोन तासांची वाट आहे. ती अडली होती ती केवळ माझ्या आणि माझ्या बहिणींच्या जेवणासाठी.

खापरावरचे मांडे हे काम किती मोठे आहे, हे ते नुसते खाणाऱ्याला कळत नाही. ते आखाजीच्या आधी आठवडाभर सुरू होते. गहू ओलसर करून ठेवायचे, सुकवायचे, दळून आणायचे आणि ते पीठ कपड्याने गाळायचे, म्हणजे कोंड्याचा कणही राहत नाही. सणाच्या सकाळी ती कणीक तेल-पाणी लावून इतकी तिंबायची आणि आपटायची की ती ताणली तर रबरासारखी वाढली पाहिजे. हरभऱ्याची डाळ शिजवून, कट वेगळा काढून, गूळ घालून पुरण आटवायचे आणि वाटायचे. कटाची रशी करायची. आंबे पिळायचे. भजी, कुरडया, पापड तळायचे. त्या कुरडया तरी कुठून येतात? भर चैत्रात तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, चीक काढून, पहाटे तो शिजवून, ऊन चढायच्या आत सोऱ्याने धाब्यावर घातलेल्या असतात. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, आणि त्याच उन्हाळ्यात चुलीपुढे बसून करायचा हा स्वयंपाक आहे. त्यात पितरांची घागर पूजल्याशिवाय आणि आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास, टाकल्याशिवाय कोणी जेवत नाही, म्हणून सगळे बारापर्यंत तयार हवे. आगारी झाली की आधी पुरुषांची पंगत, मग लेकी आणि मुले, आणि सगळ्यांत शेवटी करणारी. तिच्या ताटात येतो तो रस दूध घालून वाढवलेला असतो.

आखाजीशी जोडलेली दुसरीही एक जुनी रीत खान्देशात आहे, आणि ती मला या संदर्भात फार बोलकी वाटते. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे लागते. शेतमालक आणि सालदार समोरासमोर बसतात, गेल्या वर्षाची उचल, खाडे, धान्य यांचा हिशेब होतो, नव्या सालाचा आकडा ठरतो, आणि पटले नाही तर सालदार दुसरीकडे जायला मोकळा असतो. त्या व्यवहारात सालदाराला न्याय मिळतोच असे मी म्हणत नाही. पण कष्टाचा हिशेब वर्षातून एकदा उघडपणे मांडला पाहिजे, ही जाण त्या रीतीत आहे. ज्या दिवशी ओसरीवर हा हिशेब चाललेला असतो, त्याच दिवशी मागच्या पडवीत वर्षातला सर्वांत मोठा स्वयंपाक चाललेला असतो, आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

देशाच्या वहीत मात्र तो आता आला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली भारतीयांचा वेळ कसा जातो याची देशव्यापी पाहणी केली. घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तिच्यात दिसले. शिवाय अशा कामाला दिवसभरात हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच २६.१ टक्के होते, तर स्त्रियांचे ८१.२ टक्के. म्हणजे चारांतले तीन पुरुष त्या दिवशी घरकामाकडे फिरकलेलेच नव्हते. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटांवर आला होता आणि पुरुषांचा ८८ मिनिटांवर, म्हणजे पाच वर्षांत दोघांचा वेळ थोडा घटला आणि मधले अंतर जवळपास तेवढेच राहिले. हे रोजच्या दिवसाचे आकडे आहेत, सणाचे नव्हेत.

आता कोणी म्हणेल की पुरुषांना स्वयंपाक येत नाही, तर खान्देशात तरी हे कारण टिकणारे नाही. हिवाळ्यात आसोदा, बामणोदची भरिताची वांगी बाजारात आली की शेताशेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात आणि त्या पूर्णपणे पुरुषांच्या असतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन मिळण्याच्या कितीतरी आधीपासून कोणत्या वांग्यात बी कमी आहे आणि साल पातळ आहे, हे आमच्याकडचा शेतकरी नुसते हातात धरून सांगतो. कपाशीच्या पळकाट्या पेटवून त्यांवर वांगी अशी भाजायची की साल जळाले पाहिजे पण गर करपता कामा नये. मग ओल्या हाताने ती सोलायची, भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची, शेंगदाणे आणि कांद्याच्या पातीची फोडणी द्यायची. हे सगळे पुरुष करतात, शंभर-दीडशे माणसांना पुरेल एवढे करतात, आणि मिठाच्या प्रमाणावरून एकमेकांशी तासभर वादही घालतात. वरण-बट्टीचेही तसेच. गावजेवणाला बट्ट्यांचे पीठ मळणारे, त्या उकडून तळणारे आणि मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी घोटणारे हात पुरुषांचेच असतात. तेव्हा आगीपुढे बसायला, पीठ मळायला किंवा चव घ्यायला खान्देशी पुरुषाला लाज वाटते, हे खोटे आहे. शेतातली आग चालते आणि घरातली चालत नाही, एवढाच काय तो फरक आहे, आणि तो फरक उंबरठ्याइतकाच रुंद आहे. भरीत झाल्यावर रिकामी बडगी घासायला घरी पाठवली जाते, तेव्हा तो उंबरठा नेमका कुठे आहे ते दिसते.

याच आखाजीला पुरुष काय करतात, तेही लिहिले पाहिजे. आगारी टाकून आणि जेवून झाले की गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात. आखाजीला पत्ते खेळणे ही खान्देशातली जुनी आवड आहे. वर्षभर शेतात राबणाऱ्या माणसाने एक दुपार गारव्याला बसून सोबत्यांबरोबर घालवली, तर त्यात माझ्या मते काही वावगे नाही. त्यात पैसे लावले जातात तो भाग वेगळा आणि वाईटच. पण डाव असो की झोका, सणाच्या दिवशी माणसाला आवडीचे काही करायला निवांत वेळ लागतो, आणि तो वेळ त्या दिवशी घरातल्या सर्वांना मिळतो, फक्त सुनेला मिळत नाही.

या सगळ्याला एक उत्तर बाजाराने दिले आहे. जळगाव-धुळ्यातच नव्हे, तर खान्देशी माणसे जिथे जिथे पोटासाठी गेली त्या सुरत, नाशिक, पुण्यातही आता खापरावरचे मांडे मागणीनुसार करून मिळतात. अनेक ठिकाणी बचत गटांच्या बायका ते करतात, आणि त्यांच्या कौशल्याला त्यामुळे प्रथमच किंमत मिळू लागली आहे. हे चांगले झाले, आणि मांड्यामागे दहा रुपयांची घासाघीस करणाऱ्यांनी आधी एकदा खापरापुढे बसून पाहावे, असे मला मनापासून वाटते. तरीही आखाजीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. मांडा गरमच खायचा असतो, म्हणून मागणी त्याच दिवसाची असते, आणि ते करणाऱ्या बाईचीही आखाजी त्याच दिवशी असते. आपल्या घरची सून मोकळी झाली ती दुसऱ्या घरची सून अडवून.

याहून अवघड आक्षेप माझ्या आईचा होता. ती म्हणाली, 'खापर हे बाईचं आहे, माणसाच्या हाताला ते ऐकत नाही.' या बोलण्यामागे केवळ जुनी समजूत नाही, तर साठ वर्षांच्या कसबाचा अभिमान आहे, आणि तो मला मोडायचा नाही. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिच्या हाताची चव. ती वाटून घ्यायला ती सहज तयार होत नसेल, तर त्यात आश्चर्य काय? पण मी आईला एक प्रश्न विचारला. तू मांडे मला शिकवलेस, आणि मी ते घेऊन धुळ्याला गेले. वहिनी आली ती तिच्या आईचे मांडे घेऊन आली, आणि तुझे तिला नव्याने शिकावे लागले. जो मुलगा जन्मापासून याच घरात आहे आणि शेवटपर्यंत याच घरात राहणार आहे, त्यालाच तू ते शिकवले नाहीस. मग या घरची चव या घरात टिकणार कशी? आई त्यावर काही बोलली नाही. मला वाटते, आपल्या स्वयंपाकाच्या परंपरा हरवत चालल्याची हळहळ जे करतात, त्यांनीही या प्रश्नाकडे पाहावे. शिकणाऱ्यांतला निम्मा वर्ग आपण आधीच दाराबाहेर बसवला आहे, आणि उरलेला निम्मा आता शाळा-महाविद्यालयांत आणि नोकऱ्यांत असतो. त्याच्यावर पुन्हा सगळा भार टाकून ही विद्या वाचणार नाही.

पुरुषाने घरातली कामे करणे हे आपल्याकडे कधी कोणी पाहिलेच नाही, असेही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धुऊन ठेवत, आजाऱ्याजवळ रात्र जागत. अमळनेरकर आजही हे अभिमानाने सांगतात. आपल्या तालुक्याने ज्या कामांसाठी एका पुरुषाला आईची उपमा दिली, ती कामे आपापल्या घरात करायला मात्र आपल्या मुलांना आपण शिकवले नाही.

श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे या देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक असतो, तेव्हाही हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने समोर येते. आमच्या भाऊबंदकीत रोटाचे गहू आणि डाळ घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ अशी मोजतात, पाळण्यातला मुलगा असला तरी त्याची मूठ धरतात. ते धान्य निवडणारी, दळणारी आणि त्याचा स्वयंपाक करणारी बाई त्या मोजणीत नसते. रोट हा कुळाचा धर्म आहे, त्याची श्रद्धा मी मानते, आणि म्हणूनच वाटते की कूळ मोजताना मुठी सगळ्यांच्या धराव्यात. कानबाई ही देवी आहे. लेकीसुनांच्या नावाची मूठ पडली तर ती नाराज होईल, हे माझ्या मनाला पटत नाही.

आखाजीपुरते मला जे सुचते ते फार मोठे नाही. ज्या घरात दोन भाऊ आहेत, तिथे त्या दिवसाचा स्वयंपाक त्यांनी घ्यावा आणि सुनांनी आदल्या संध्याकाळीच माहेरची गाडी धरावी. मांडे पहिल्या वर्षी फाटतील, म्हणून साधी पुरणपोळी केली तरी पितर उपाशी राहत नाहीत. ज्या गावात बट्ट्यांसाठी भट्ट्या पेटवणारी माणसे आहेत, तिथे भाऊबंदकीच्या चार घरांनी मिळून एक सामाईक रांधप केले, तर आलेल्या सगळ्या लेकी एकाच पंगतीला बसतील. सुरतेत किंवा पुण्यात राहणाऱ्या दोघांच्या संसारात तर अडवायला सासू नाही की नणंद नाही; तिथे नवऱ्याने आखाजीची रजा आपल्या नावाने टाकावी आणि बायकोला रेल्वेत बसवून द्यावे.

गेल्या आखाजीला माझी वहिनी शिरपूरला होती. भावाने आईला खापराशेजारी खाटेवर बसवून घेतले होते आणि तिच्या सांगण्यावरून तो कणीक आपटत होता. पहिले पाच मांडे फाटले. सहावा खापरावर पडला तो एका बाजूला जाड होता, पण सबंध होता. साडेबाराला वहिनीचा फोन आला, तिने विचारले, 'आगारी टाकली का?' मागे तिच्या आईचा आवाज येत होता. ती तिला जेवायला बसायला सांगत होती. माझ्या सासरी इतकी वर्षे माझ्यासाठी माझी जाऊ थांबत आली आहे, आणि तिचे माहेर साक्रीला आहे. यंदा ती आदल्या दिवशीच निघणार आहे. गहू ओलसर करून वाळवायचे कधी आणि पीठ कोणत्या कपड्याने गाळायचे, हे मी माझ्या नवऱ्याला आणि दिरांना होळी झाल्यावर लगेच लिहून दिले आहे, आणि कागद दिरांनी देवघराच्या दारामागे चिकटवला आहे.